नाक्यावरचा दगड

ज्वारी काढायला आली, की सगळ्यात आधी ते मानेला कळतं. माघाचा शेवट असतो. सकाळी स्वेटर लागतो आणि दहा वाजता तोच नकोसा होतो. वारा सुटतो आणि त्याच्याबरोबर कणसांवरचं कूस उडत येतं. डोळ्यांना ते दिसत नाही, पण कॉलरच्या आत शिरून दिवसभर खाजवायला लावतं. माझं शेत आता अडीच एकर उरलंय, आणि तेही वाट्यानं दिलेलं आहे. म्हणजे सुगीशी माझा संबंध खाजेपुरता. तरी या दिवसांत मी रोज सकाळी चालत नाक्यापर्यंत जातो, आणि रोज ठरवतो की उद्यापासून दुसऱ्या रस्त्यानं जायचं.

आमच्याकडं ज्वारी कापत नाहीत, उपटतात. कडब्याची वीतभर लांबीसुद्धा जमिनीत सोडायची नाही म्हणून मुळासकट ओढायची, आणि मुळांना चिकटलेली काळी माती पायावर आपटून झाडायची. पाच-सहा बायका एका ओळीत वाकून पुढं सरकत असतात. जमिनीतून मूळ सुटताना खर्र असा आवाज येतो. दुपारपर्यंत तळहातांवर फोड येतात, संध्याकाळी फुटतात, दुसऱ्या दिवशी चिंधी बांधून पुन्हा तेच. रस्त्यानं उसाचे ट्रॅक्टर ढोकीच्या साखर कारखान्याच्या दिशेनं जात असतात, मागं दोन-दोन ट्रॉल्या आणि पुढं गाणी. त्यातलं एखादं टिपरू पडलं की शाळेला निघालेली पोरं त्यावर झडप घालतात. शनिवार-रविवारी शहरातल्या गाड्या हुरड्याला येतात. माणसं आगटीभोवती बसून फोटो काढतात आणि 'किती शांत आहे ना इथं' असं मोठ्यानं म्हणतात.

याच दिवसांत, सात-आठ वर्षांपूर्वी, आमच्या गावाला आशा वाटली होती. गावाला असं काही वाटण्याचा प्रसंग क्वचित येतो, म्हणून ती सुगी लक्षात राहिली.

नाका म्हणजे करोडगिरी नाका. आमचं गाव बार्शीच्या रस्त्यावर, जिल्ह्याच्या अगदी काठाला आहे. निजामाच्या काळात ही राज्याची हद्द होती. पलीकडं इंग्रजांचा मुलूख. येणाऱ्या-जाणाऱ्या मालावर इथं जकात घेत, आणि जकातीच्या त्या खात्याला करोडगिरी म्हणत. निजाम गेला, इंग्रज गेले, जकातही गेली. मागं राहिली चार एकर जागा, दोन खोल्यांच्या छप्पर नसलेल्या दगडी भिंती, बारमाही पाण्याचा एक आड आणि वेड्या बाभळी. गावानं ती जागा आपल्या पद्धतीनं वापरली. सकाळी परसाकडला, दुपारी पत्ते खेळायला आणि वर्षभर उकिरड्याला.

कागदावर ती जागा अजून करोडगिरी खात्याचीच होती. मी भूमी अभिलेखात मोजणीदार म्हणून नोकरी केली आहे, त्यामुळं या गोष्टीचं मला नवल वाटलं नाही. माणूस मेला की वारसांची नोंद होते. खातं मेलं तर त्याचा वारस कोण, हे सांगणारा फॉर्म अजून कुणी छापलेला नाही.

कमलताई गावच्या आशा. म्हणजे आशा कार्यकर्ती. गावातल्या गरोदर बायकांची नोंद ठेवणारी, त्यांना गोळ्या देणारी, वेळ आली की गाडीत घालून दवाखान्यात नेणारी बाई. वय तेव्हा चाळिशीच्या आसपास. बांगड्या मागं सारून बोलण्याची सवय, आणि बोलणं थोडं. त्या सुगीच्या आदल्या वर्षी, याच दिवसांत, मंगल नावाच्या पोरीला ज्वारी उपटता उपटता कळा सुरू झाल्या. महिना भरायचा होता. कमलताईंनी तिला एका पिकअपमध्ये घातलं आणि बार्शीचा रस्ता धरला. पुढं उसाची ट्रॉली उलटून रस्ता बंद झालेला. दोन्हीकडं गाड्या, मधे मोळ्यांचा ढीग. मंगल तिथंच, पिकअपच्या हौद्यात बाळंत झाली. चार बायकांनी लुगड्यांचा आडोसा धरला. मूल रडलं नाही. कमलताईंनी त्याला उलटं धरलं, पाठीवर थापट्या मारल्या, तोंडात बोट घालून पाहिलं, तोंडानं फुंकर घातली. ऊस उचलणारी माणसं हातातलं काम थांबवून बघत उभी होती, आणि मागच्या ट्रकवाल्याला काय झालंय ते ठाऊक नसल्यानं तो हॉर्न वाजवत होता. हे मला मंगलच्या नवऱ्यानं सांगितलं. कमलताई त्याबद्दल बोलत नसत. त्यांना फक्त नाक्यावर चार खाटांची खोली आणि एक नर्स हवी होती.

आणि ती मिळण्यासारखी होती, हे विशेष. बाळंतपणाच्या सोयीसह उपकेंद्र मंजूर झालं होतं. अट एकच: जागा गावानं द्यायची, ती मोकळी असावी, रस्त्यालगत असावी, पाणी असावं, आणि हे सगळं मार्चअखेरच्या आत ठरावं. नाहीतर निधी परत. गावात दुसरी सरकारी जागा नव्हती. गावठाणात मुंगीला पाय ठेवायला जागा नाही आणि शेतातली जमीन फुकट द्यायला कुणी तयार नाही. राहता राहिला नाका.

मग समिती झाली. अध्यक्ष दिगंबरराव. ते पूर्वी सरपंच होते आणि त्यानंतर मनानं कायमचे सरपंच राहिले. स्वभावानं वाईट माणूस नव्हे. फक्त त्यांच्या मनात कुठल्याही कामाचं चित्र शेवटाकडून सुरू व्हायचं: आधी फीत, मग कोनशिला, मग तिच्यावरची नावं, आणि सगळ्यात शेवटी इमारत. पहिला अर्ज जाण्याआधी समितीचं लेटरहेड छापून आलं. त्यावर अध्यक्ष, कार्याध्यक्ष, चार उपाध्यक्ष, मार्गदर्शक, प्रेरणास्थान अशी नावं वरून आणि डावीकडून उतरत आलेली. मागणी लिहायला खाली सात ओळींची जागा उरली. अर्ज मीच लिहायचो, त्यामुळं मला थोडक्यात लिहायची सवय लागली. सल्लागार म्हणून माझंही नाव त्यावर होतं आणि छापलेलं बघून मला बरं वाटलं होतं, हेही सांगितलं पाहिजे.

तालुक्याच्या कचेरीत आम्ही किती वेळा गेलो याची गणती नाही. एका कारकुनानं फाइल बघून शांतपणे सांगितलं, की जागा करोडगिरी खात्याची आहे, तेव्हा त्या खात्याचं ना-हरकत पत्र जोडा. मी म्हणालो, ते खातं बंद होऊन दोन पिढ्या झाल्या. तो म्हणाला, मग बंद झाल्याचं पत्र जोडा. त्याच्या आवाजात कुचेष्टा नव्हती. त्याला खरोखर मदत करायची होती आणि मदतीचा तेवढाच रस्ता त्याला ठाऊक होता. बाहेर आल्यावर दिगंबरराव म्हणाले, "उपोषन करावं लागतंय." त्यांचा चेहरा उजळला होता.

साखळी उपोषण नाक्यावरच बसलं. मांडव, सतरंजी, माइक. पण सुगी ऐन भरात. हातपाय चालणारं प्रत्येक माणूस ज्वारीत. त्यामुळं उपोषणाला जी माणसं मिळाली ती शेतात नको असलेली: दमेकरी, गुडघे गेलेले, आणि सुनेशी न पटणारे. पाळी सकाळी दहा ते पाच. घरून भाकरी खाऊन यायचं, पाचला घरी जाऊन पुन्हा भाकरी खायची. मधे काही खायचं नाही. आमच्या गावात दुपारचं जेवण तसंही बारा वाजता कुणाला वेळेवर मिळत नाही. एका म्हाताऱ्यानं मला खासगीत सांगितलं, की घरच्यापेक्षा हितं बरं हाय, सावली हाय आन कुनी कामं सांगत न्हाय. रोज पाळी बदलताना दिगंबरराव उठणाऱ्याचा आणि बसणाऱ्याचा टॉवेल-टोपी-नारळ देऊन सत्कार करायचे. उपाशी माणसाच्या हातात नारळ देणं मला खटकायचं. त्यांना नाही.

कमलताई दिवसातून दोनदा यायच्या, उपोषणाला बसलेल्यांचा रक्तदाब बघायच्या आणि रस्त्याकडं तोंड करून उभ्या राहायच्या. त्या महिन्यात गावात तीन बायका भरल्या दिवसांच्या होत्या. गाडी गेली की कमलताई मान वळवून बघत.

आता त्या आठवड्याबद्दल. माझी चूक तिथं आहे.

उपोषणानं एक गोष्ट मात्र केली: नाक्याची जागा मोलाची आहे हे सगळ्यांना कळलं. ज्या जागेत काल कुणी नाक धरल्याशिवाय पाय ठेवत नव्हतं, तिथं एका सकाळी कुणीतरी विटा रचून ठेवलेल्या. टपरीची तयारी. दुसऱ्या कोपऱ्यात कडब्याची बणीम उभी राहिली. तिसऱ्या दिवशी चार खांब. प्रत्येकाचं म्हणणं एकच, की दवाखाना झाला की लोक येतील, चहापाण्याची सोय आत्तापासून नको का? इकडं स्थळपाहणीला साहेब येणार असा निरोप आलेला. जागा मोकळी नाही असा शेरा पडला असता तर सगळं बोंबललं असतं. रशीद पेंटरनं पत्र्यावर 'नियोजित प्रसूतिगृहाची जागा, अतिक्रमण करू नये' असा झकास बोर्ड रंगवून लावला. दुसऱ्या दिवशी त्यावर कुणाचं तरी धोतर वाळत होतं.

लिंबाखाली बैठक बसली. कुणी म्हणालं पोलीस बोलवा, कुणी म्हणालं कुंपण घाला. मी तीस वर्षं हद्दीचे दगड रोवत आलो होतो. सरकारी दगड, डोक्यावर छिन्नीनं फुली मारलेले. मोजणी करून आम्ही परतलो, की आठ दिवसांत बांधकरी तो दगड हातभर इकडं नाहीतर तिकडं सरकवत. सख्ख्या भावांनी सरकवलेले दगड मी पाहिले आहेत. कायद्याचं भय म्हणून जे काही असतं त्याची लांबी-रुंदी मला बऱ्यापैकी ठाऊक होती. आणि त्याच तीस वर्षांत शेंदूर फासलेला एकही दगड कुणी बोटभर हलवलेला मी पाहिला नव्हता. हे मी बैठकीत बोलून दाखवलं. बोलताना हसत होतो. माझा देवावर विश्वास नाही हे गावाला माहीत आहे. त्यामुळं लोकही हसले. मग हसणं थांबलं, आणि दिगंबरराव म्हणाले, "अण्णा, तुमी बोलले ते खरं हाय."

त्याच दुपारी काम झालं. नाक्याच्या बांधाला एक जुना हद्दीचा दगड उपटून पडलेला होता. कदाचित मीच कधीतरी रोवलेला असेल. तो आम्ही रस्त्याच्या तोंडाशी उभा केला. शेंदूर आणि तेल कमलताईंनी घरून आणलं. त्यांनी स्वतःच्या हातानं दगड माखला, फुलीवर जरा जाड थर दिला. रशीद कडेला उभा राहून बघत होता. तो म्हणाला, "डोळे काढल्याबिगर लोक मानायचे न्हाईत, ताई," आणि बोर्डाच्या उरलेल्या पांढऱ्या रंगानं त्यानं दोन डोळे काढून दिले. गावोगावचे गणपती आणि मारुती रंगवण्यात त्याचं आयुष्य गेलेलं. डोळे छान जमले. दिगंबररावांनी नारळ फोडला. नाव म्हसोबा पडलं, कारण हद्दीवरच्या शेंदरी दगडाला आमच्याकडं दुसरं काय म्हणणार? खोबऱ्याचा तुकडा चघळत आम्ही घरी आलो. मला त्या दिवशी झोपायला जाताना स्वतःच्या हुशारीचं कौतुक वाटत होतं.

आणि युक्ती लागू पडली. दोन दिवसांत विटा गेल्या. खांब गेले. बणीम ज्यांची होती त्यांनी ती हलवलीच, वर जागा झाडून घेतली. परसाकडला जाणारे नाल्याच्या पलीकडं जायला लागले. निजामाच्या पोलिसांना, नंतरच्या सरकारांना आणि आमच्या ग्रामसभेच्या ठरावांना जे जमलं नव्हतं ते तेलशेंदरात झालं. कमलताई त्या दिवशी पहिल्यांदा माझ्याशी हसून बोलल्या. खाटा कुठल्या भिंतीला लावायच्या, आडावर मोटर बसवली तर पाणी कसं येईल, हे त्यांनी मला त्या छप्पर नसलेल्या खोल्यांतून फिरवून दाखवलं. एका जागी थांबून म्हणाल्या, हितं पाळना. उन्हात, ढेकळांत, त्या हातानं दाखवत होत्या आणि मला खरोखर ती खोली दिसत होती. माझ्या नोकरीत मी इतके नकाशे काढले, पण एवढा स्पष्ट एकही नव्हता.

पण झाडलेल्या जागेत लोक नुसते उभे राहत नाहीत. कुणाची हरवलेली म्हैस सापडली. कुणाचा पोरगा दहावीच्या पेपरला जाताना डोकं टेकवून गेला आणि त्याला पेपर सोपा गेला. पेपर सगळ्या तालुक्याला सोपा होता, पण बाकीच्या तालुक्यानं कुठं डोकं टेकवलं आहे हे कोण बघतो? अमावस्येला सात नारळ फुटले. पुढच्या शनिवारी मोजायचं मी सोडून दिलं. ज्वारी मळून झाली आणि पहिली पायली लोकांनी तिथं आणून ओतली. उपोषणाच्या मांडवातला माइक संध्याकाळी आरतीला वापरायला लागले. उपोषण करणारे आणि आरती म्हणणारे तेच दमेकरी होते, त्यामुळं माइक एका हातातून दुसऱ्या हातात द्यायचीही गरज पडली नाही.

साहेब मार्च संपायला आठवडा असताना आले. जीप नाक्यावर थांबली. दिगंबररावांनी हार पुढं केला. साहेब खाली उतरले, समोर दगड पाहिला, आणि त्यांनी बूट काढले. मोजे घातलेल्या पायांनी ते ढेकळांतून चालत आत गेले, जागा पाहिली, आड पाहिला, पाण्याचं कौतुक केलं. सगळं पसंत पडलं त्यांना. पण त्यांनी बूट काढले तेव्हाच मला निकाल कळला होता. पंचनाम्यात त्यांनी लिहिलं, की जागेवर धार्मिक स्थळ असल्याचे आढळले. मी त्यांना बाजूला घेऊन खरं सांगितलं. हा हद्दीचा दगड आहे, तीन आठवड्यांपूर्वी आम्हीच ठेवला. ते हळू आवाजात म्हणाले, की गावानं दगड हलवून जागा मोकळी असल्याचं लिहून द्यावं, नाहीतर देव एका कोपऱ्यात ठेवून बाकीच्या जागेला संमती द्यावी. त्यांची हरकत नव्हती. आठवड्याचा वेळ होता.

ग्रामसभा झाली. कमलताई उठून उभ्या राहिल्या. एरवी त्या सभेत बोलत नसत. त्यांचं म्हणणं साधं होतं: चार एकर जागा हाय, एका कोपऱ्यात देव राहील, दुसऱ्या कोपऱ्यात खोली. मग बायकांच्या बाजूनं आवाज आला. "देवाच्या म्होरं बाळंतपनं? सोयर असतंय, विटाळ असतोय. म्हसोबा कडक हाय, सगळ्या गावाला भोगायला लागंल." बोलणारी मंगलची सासू होती. तिचंच नातवंड त्या पिकअपमध्ये गेलं होतं. तिच्या आवाजात दुष्टावा नव्हता, भीती होती. एक गेलंय, आता आणखी काही जाऊ नये म्हणून ती बोलत होती. तिच्यानंतर ठराव कुणी मांडलाच नाही. दिगंबरराव खाली बघत बसले. दोन्हीकडं तोंड देणारा माणूस खाली बघतो तसे.

दुसऱ्या दिवशी दुपारी कमलताई माझ्या घरी आल्या. पायरीवरच बसल्या, पाणीही घेतलं नाही.

"अण्णा, तुमी उचला त्यो दगड."

मी पाण्याचा तांब्या पुन्हा पुढं सरकवला.

"माझं सोडा. म्या शेंदूर लावलाय, माझा हात उठायचा न्हाय. दिगंबररावांना मतं बघायची हायती. तुमचा देवावर इश्वासच न्हाय. तुमाला कशाचं भ्याव?"

मी त्यांना बरंच काही सांगितलं. लोकांच्या भावना दुखावतील. गुन्हा दाखल होईल. रशीदचा हात त्याला लागला आहे, उद्या कुणी भलतंच वळण दिलं तर तो बिचारा अडचणीत येईल. सगळी कारणं खरी होती, हे मला आजही म्हणता येतं. त्या ऐकत होत्या. बांगड्या मागं सारून, मान खाली घालून. मी बोलायचा थांबल्यावर त्यांनी विचारलं, झालं का? आणि उठून गेल्या. दारात पहार टेकवलेली होती, ती त्यांच्या पदराला लागून आडवी पडली. त्यांनी ती उचलून नीट होती तशी उभी करून ठेवली.

माझा देवावर विश्वास नाही म्हणजे नेमकं काय, याचा मी त्यानंतर बराच विचार केला. पुस्तकं वाचून जे गेलं ते देवाचं भय. माणसांचं भय जावं अशी पुस्तकं माझ्या वाचनात आली नाहीत. नाहीतर आली असतील आणि मी ती चाळून ठेवली असतील. शेंदरी दगड कुणी हलवत नाही, हा नियम मीच बैठकीत सांगितला होता. त्याला अपवाद व्हायचं मला जमलं नाही. देवळातल्या घंटा वाजवणाऱ्यांना मी आयुष्यभर हसलो, आणि त्यांचा देव गावात राखला मी, घरात बसून.

मार्च संपला, निधी परत गेला. उपोषण कुणी मागं घेतलं नाही, ते आपोआप आरतीत मिसळून गेलं.

मग विकास झाला. नाही असं म्हणता येणार नाही. ज्या जागेसाठी करोडगिरी खात्याचं पत्र लागत होतं, तिथं सभामंडपाला कसलंच पत्र लागलं नाही. दुसऱ्या वर्षी पत्र्याचं शेड, तिसऱ्या वर्षी कॉलम, मग कळस. म्हसोबा हे नाव लेटरहेडवर बरं दिसत नाही म्हणून त्याचा 'श्री क्षेत्र म्हसेश्वर' झाला. तीर्थक्षेत्राचा 'क' दर्जा आला, त्यातून फरशी आली, हायमास्ट दिवा आला, बाकं आली आणि प्रत्येक बाकावर देणाऱ्याचं नाव आलं. निजामाच्या दोन खोल्या पाडून तिथं भक्तनिवास काढला. ज्या जागी कमलताईंनी मला पाळणा दाखवला होता, तिथं आता चपला ठेवायचा रॅक आहे. कळस चढला त्या दिवशी तेरखेड्याहून आणलेले फटाके अर्धा तास उडत होते आणि काठाच्या शेतातली पाखरं दोन दिवस परतली नाहीत. कमानीवरचं नाव रशीदनंच रंगवलं. आमचा तो जुना प्रसूतिगृहाचा बोर्ड त्यानं काढून घेतला, उलटा केला आणि मागच्या कोऱ्या बाजूवर 'चपला रॅकमध्ये ठेवाव्यात' असं लिहून दिलं. मी त्याच्याकडं बघितलं तर म्हणाला, पत्रा चांगला हाय, अण्णा, वाया कशाला घालायचा.

दिगंबरराव आता देवस्थानचे अध्यक्ष आहेत. मागच्या वर्धापनदिनाला माझा 'आद्य सेवेकरी' म्हणून सत्कार करायचा त्यांचा विचार होता. मी त्या दिवशी बार्शीला डोळे तपासायला गेलो. डोळे ठीक आहेत.

या वर्षी ज्वारी चांगली आहे. पाणी बरं होतं, थंडी वेळेवर पडली, कणसं मुठीत मावत नाहीत. परवा सकाळी मी नेहमीसारखा नाक्यापर्यंत गेलो. शेजारच्या रानात उपटणाऱ्या बायकांची ओळ अर्ध्यावर आली होती. गावाकडून एक जीप भरधाव आली आणि कमानीसमोर कचकन थांबली. मागच्या सीटवर एक पोरगी आडवी पडलेली, दात आवळून, हातानं सीटचं रेक्झिन मुरगाळत. शेजारी तिची आई. पुढून कमलताई उतरल्या. केस बरेच पांढरे झालेत आता. माझ्याकडं लक्ष नव्हतं त्यांचं. त्या झपाझप आत गेल्या, देवापुढच्या वाटीतला अंगारा चिमटीत घेतला आणि परत येऊन पोरीच्या कपाळाला लावला. मग वळल्या, दगडाकडं तोंड केलं आणि हात जोडून डोळे मिटले.

शेंदराचा थर आता इतका जाड झालाय की खाली दगड आहे की नाही हेही कळू नये. पण आम्हा दोघांना ते ठाऊक आहे. त्यांनी डोळे उघडले तेव्हा मी समोरच होतो. मला गप्प राहता आलं नाही.

"कमलताई, तुम्ही? तुम्हाला तर ठाऊक आहे ते काय आहे."

ड्रायव्हरनं हॉर्न दिला. पोरगी आतून कण्हली. कमलताईंनी एक पाय जीपमध्ये ठेवला, पदर खोचला.

"ठाव हाय की. फुली माझ्याच हातानं बुजवलीया. पर अण्णा, कवा बी या, जाग्यावर एवढा एकच असतोय."

दार लागलं. जीप बार्शीच्या रस्त्याला लागली. पुढं वळणावर उसाचे दोन ट्रॅक्टर चालले होते, शेजारीशेजारी, एकमेकांना मागं टाकत. त्यांच्या मागं जीप हळू झाली, आणि तिचा हॉर्न मला बराच वेळ ऐकू येत राहिला.